डोलोरेसनं सांगितलं होतं

आधीच सांगून टाकते: या लेखात 'शटर आयलंड'चा शेवट आहे, आणि मधलं सगळंही आहे. सिनेमा २०१०चा. आज कॉलेजात असणारे बरेच जण तेव्हा शाळेची पहिली पायरी चढत होते, त्यामुळे 'अजून पाहिला नाही' म्हणणाऱ्यांवर डोळे वटारण्यात अर्थ नाही. त्यांनी इथंच थांबावं, सिनेमा बघावा, मग यावं. लेख कुठं पळून जात नाही.

ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत असेल, या सिनेमावर वाद घालायला फार माणसं लागत नाहीत. एक म्हणतो, "मला अर्ध्या तासात कळलं होतं." दुसरा म्हणतो, "तुला काहीच कळलेलं नाही, तो वेडा नव्हताच." तिसरा शेवटचा संवाद म्हणून दाखवतो आणि विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे बघतो. चौथ्याची तक्रार असते की सव्वादोन तास आपल्याला उल्लू बनवलं. अमेरिकेतले समीक्षकसुद्धा असेच फुटले होते. रॉजर ईबर्टला सिनेमा आवडला, 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ए. ओ. स्कॉटला नाही आवडला. तिकीटबारीवर मात्र मार्टिन स्कॉर्सेसीचा हा सिनेमा तुफान चालला.

मी या चारही मंडळींशी हिरिरीनं भांडलेली आहे. आणि दरवेळी माझ्या लक्षात येतं की तासभर वाद होतो, पुरावे मोजले जातात, सीन पॉज करून दाखवले जातात, पण एक नाव निघतच नाही. डोलोरेसचं. माझ्या मते हा सिनेमा ट्विस्टमुळे चांगला किंवा वाईट ठरत नाही. तो ठरतो तो डोलोरेसचं काय करतो यावरून. पण तिच्यापर्यंत पोहोचायचं तर आधी या चौघांशी हिशेब करायला हवा.

गोष्ट थोडक्यात

१९५४ साल. बॉस्टनजवळच्या समुद्रातलं एक बेट, त्यावर ॲशक्लिफ नावाचं मनोरुग्ण गुन्हेगारांचं इस्पितळ. यू. एस. मार्शल टेडी डॅनियल्स (लिओनार्डो डिकॅप्रिओ) आणि त्याचा नवाकोरा जोडीदार चक (मार्क रफेलो) बोटीनं तिथं येतात. रेचल सोलँडो नावाची रुग्ण कुलूपबंद खोलीतून नाहीशी झालीय. तिनं आपल्या तीन मुलांना बुडवून मारलं होतं. टेडीचा आणखी एक छुपा हेतू आहे. ज्याच्या आगीत आपली बायको गेली तो अँड्र्यू लेडिस याच बेटावर आहे, अशी त्याची खात्री आहे. वादळ येतं, बोटी बंद होतात, डॉक्टर गोड बोलतात आणि काहीतरी लपवतात. दीपगृहात माणसांच्या मेंदूवर प्रयोग चालतात, असा टेडीला संशय येतो.

शेवटी तो दीपगृह चढून वर जातो. वरच्या खोलीत डॉ. कॉली (बेन किंग्जली) शांतपणे बसलेले असतात. रेचल सोलँडो नावाची कुणी नाही, ते सांगतात. टेडीही नाही. तूच अँड्र्यू लेडिस, इथला ६७वा रुग्ण, गेली दोन वर्षं इथंच आहेस. चक म्हणजे तुझेच डॉक्टर शीहन. तुझ्या बायकोनं, डोलोरेसनं, तुमच्या तीन मुलांना तळ्यात बुडवलं आणि तू तिला गोळी घातलीस. ते सहन झालं नाही म्हणून तू टेडी नावाचा एक शूर माणूस रचलास. ही सगळी 'तपासणी' म्हणजे आम्ही मांडलेलं नाटक. तुझी गोष्ट तुला शेवटपर्यंत जगू द्यावी, म्हणजे तिच्यातला पोकळपणा तुझा तुलाच दिसेल.

अँड्र्यूला आठवतं. तो कबूल करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो पायऱ्यांवर बसून शीहनना पुन्हा 'चक' म्हणतो, या बेटावरून निसटायच्या गोष्टी करतो. शीहन दूर उभ्या असलेल्या कॉलींकडे बघून मान हलवतात: नाही, उपयोग झाला नाही. मग अँड्र्यू अगदी शांतपणे विचारतो, काय जास्त वाईट, राक्षस म्हणून जगणं की भला माणूस म्हणून मरणं? आणि उठून चालायला लागतो. शीहन मागून हाक मारतात, "टेडी?" तो वळून बघत नाही. समोरून पांढऱ्या कपड्यातली माणसं येत असतात, मेंदूची शस्त्रक्रिया करायला न्यायला.

"मला आधीच कळलं होतं"

कळलं असणारच. स्कॉर्सेसीनं लपवलंय कुठं? फाटकापाशी बंदुका जमा करायच्या असतात तेव्हा चकला स्वतःची बंदूक खोळीतून निघता निघत नाही. हा कसला मार्शल? पहारेकरी गुन्हेगाराकडे बघावं तसे टेडीकडे बघतात. आवारातली एक रुग्ण बाई त्याच्याकडे बघून ओठावर बोट ठेवते. टेडीच्या खिशात सिगारेट कधीच नसते, चकच देतो. डॉ. शीहनबद्दल विचारल्यावर एक रुग्ण क्षणभर चककडे बघते. हीच बाई पाणी मागते आणि पिते, तेव्हा एका शॉटमध्ये तिच्या हातात पेलाच नसतो. टेडीला पाणी दिसत नाही, कारण पाणी म्हणजे तळं, आणि तळं म्हणजे ते.

ज्याला प्रेक्षकापासून गुपित राखायचंय तो असं वागत नाही. १९६०मध्ये 'सायको' आला तेव्हा हिचकॉकनं सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही थिएटरात सोडायचं नाही असा दंडक घातला होता. तिथं गुपिताला किंमत होती. इथली युक्ती तर जुनीपुराणी. गोष्ट सांगणारा माणूसच वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण निघतो, हे रॉबर्ट वीनंच्या 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी' या जर्मन मूकपटात १९२०मध्येच होऊन गेलंय. जगातले जुने सिनेमे जपण्यात अर्धं आयुष्य घालवलेल्या स्कॉर्सेसीला ते माहीत नसेल, असं समजणं म्हणजे कमालच. शिवाय डेनिस लेहेनची मूळ कादंबरी २००३पासून दुकानात होती. ज्याला हवं तो शेवट आधीच वाचू शकत होता.

तेव्हा 'ओळखलं' हा निकष इथं फार लांब जात नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. धक्का एकदाच बसतो. कथा पुन्हा वाचावीशी वाटते ती दुसऱ्या कारणानं. ट्विस्टची परीक्षा दुसऱ्यांदा बघताना होते. शेवट कळल्यावर आधीचा सिनेमा हातातून निसटतो, की आणखी भरून परत मिळतो?

'शटर आयलंड' परत मिळतो, आणि त्याचं मोठं श्रेय मार्क रफेलोला आहे. पहिल्यांदा बघताना चक म्हणजे हीरोच्या मागे मागे फिरणारा, 'बॉस बॉस' करणारा साधा गडी. दुसऱ्यांदा बघा. हा एक डॉक्टर आहे. दोन वर्षं ज्याच्यावर उपचार केले त्या माणसाला तो शेवटची संधी म्हणून घेऊन फिरतोय. वादळात ते दोघं दफनभूमीतल्या एका दालनात आडोसा घेतात, तिथं चक लेडिसबद्दल एकेक प्रश्न विचारत त्याला बोलतं करतो. पहिल्या वेळी ती पोलिसी चौकशी वाटते. दुसऱ्या वेळी तो उपचार असतो. टेडी कड्यावरून खाली उतरायला निघतो तेव्हा चकच्या तोंडावर आलेली भीती जोडीदाराची नाही, रुग्ण गमावणाऱ्या डॉक्टरची आहे. आणि शेवटची ती "टेडी?" अशी हाक! डॉक्टरनं जे नाव पुसायला इतका खटाटोप केला, तेच नाव तो स्वतः मारतो. त्या एका शब्दात रफेलोनं हरणं दाखवलंय.

"तो वेडा नव्हताच"

या मंडळींना लोक हसतात. मी हसत नाही. सिनेमातच गुहेत लपलेली एक बाई टेडीला सांगते की एकदा तुम्हाला वेडं ठरवलं की तुम्ही जे काही म्हणाल ते वेडाचंच लक्षण धरलं जातं. तुम्ही ठणकावून नाही म्हणालात तर तो नकार, घाबरलात तर तो भ्रम. या तर्कातून बाहेर पडायला वाट नाही. आणि काळही तसाच आहे. सीआयएचा 'एमकेअल्ट्रा' हा माणसांच्या मनावरच्या प्रयोगांचा कार्यक्रम १९५३मध्ये मंजूर झाला होता आणि तो जगापुढे यायला सत्तरचं दशक उजाडलं. १९५४मध्ये कुणी अमेरिकन माणूस 'सरकार मेंदूंशी खेळतंय' म्हणाला असता तर लोकांनी त्यालाच इस्पितळात टाकलं असतं, आणि तो बरोबर असता.

शिवाय अशा शेवटात एक राजकारण असतंच. 'कॅलिगारी'बद्दल झीगफ्रीड क्राकाउअरनं १९४७मध्ये हाच आक्षेप घेतला होता. मूळ गोष्टीत सत्ता वेडी होती. शेवटच्या कलाटणीनं सत्तेला शहाणं ठरवलं आणि तिच्याविरुद्ध बोलणाऱ्याला वेडं. 'शटर आयलंड'मध्येही आपण दोन तास एका माणसाच्या डोळ्यांनी बघतो आणि शेवटी डॉक्टर फळ्यावर नावं लिहून सांगतात की तुझे डोळेच खोटे. एडवर्ड डॅनियल्सची अक्षरं हलवा, अँड्र्यू लेडिस होतं. रेचल सोलँडोची हलवा, डोलोरेस शनाल होतं. ते तिचं माहेरचं नाव. आपल्या भाषेत 'ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला दाखल करा' हे अजूनही विनोद आहेत. 'वेडा निघाला' म्हटलं की माणसाचं म्हणणं ऐकायची जबाबदारी संपते. त्यामुळे डॉक्टरांवर पटकन विश्वास न ठेवणारा प्रेक्षक मला आवडतो.

तरी मी त्यांच्या बाजूला जात नाही. पेल्याचा शॉट, अक्षरांची जुळणी, रफेलोचा अभिनय, एवढे पुरावे पुरेत. पण माझं खरं कारण दुसरं आहे. टेडी शहाणा असेल तर ती तीन मुलं कधी नव्हतीच. डोलोरेस धुरानं गुदमरून गेली, बस्स. तळ्याकाठचा तो प्रसंग, सिनेमातला सगळ्यात असह्य, म्हणजे कुणीतरी गोळ्या देऊन डोक्यात घुसवलेलं चित्र. मग सिनेमाच्या मधोमध उरतं काय? एक दुष्ट सरकार आणि एक शूर पोलीस. म्हणजे अँड्र्यूला जी गोष्ट हवी होती, नेमकी तीच. एक प्रचंड कारस्थान मनाला झेपतं. स्वयंपाकघरात बसलेलं एक छोटं सत्य झेपत नाही.

"मग आम्ही काय बघत होतो?"

सगळं खोटंच होतं तर आम्ही जीव कशाला टाकला, या तक्रारीचं उत्तर सिनेमात अगदी उघड्यावर ठेवलेलं आहे. टेडीचा तपास खोटा असला तरी त्याचं दुःख एकदाही खोटं नाही. त्याच्या पहिल्या मोठ्या स्वप्नात डोलोरेस (मिशेल विल्यम्स) त्याच्या मिठीत राख होत जाते. गोष्टीप्रमाणे ती आगीत गेली, म्हणजे राख बरोबर. पण तिच्या अंगातून पाणी टपकत असतं आणि पोटाशी रक्त असतं. आगीत मेलेल्या बाईच्या अंगावर पाणी कुठून आलं? बंदुकीची जखम कुठून आली? त्याचं मन खोटं बोलतं, त्याची स्वप्नं बोलत नाहीत. सिनेमाभर हेच चालतं: तो काड्या पेटवतो आणि पाऊस कोसळत राहतो. पहिल्याच दृश्यात तो बोटीवर ओकत असतो आणि पाण्याकडे बघून स्वतःला सावरत असतो.

एक तक्रार मात्र मला मान्य आहे. टेडी १९४५मध्ये डाखाऊची छळछावणी मुक्त करणाऱ्या अमेरिकन सैन्यात होता. बर्फात गोठलेले प्रेतांचे ढीग, शरण आलेल्या पहारेकऱ्यांना ओळीनं उभं करून घातलेल्या गोळ्या हे सगळं रॉबर्ट रिचर्डसनच्या कॅमेऱ्यानं इतकं देखणं टिपलंय की अंगावर काटा येतो आणि तो काटा चांगला नाही. प्रेतांच्या ढिगातली एक मुलगी डोळे उघडून टेडीला जाब विचारते आणि ती त्याची स्वतःची मुलगी होते. हजारो खऱ्या माणसांचं मरण एका कल्पित माणसाच्या अपराधीपणाची सजावट म्हणून वापरायचं का? माझं उत्तर 'नको' असं आहे. त्यात डॉ. कॉली नंतर सांगतात की तू डाखाऊला होतास, पण कुणाला मारलं नसशीलही. म्हणजे ती कत्तलसुद्धा कदाचित त्याची उसनी आहे. घरातल्या अपराधापुढे त्याला युद्धातला अपराध सोपा वाटला असेल, असा अर्थ निघतो. अर्थ चांगला आहे. त्यासाठी मोजलेली किंमत मला जास्त वाटते.

घरातला सुगावा

आता डोलोरेसकडे येऊ. दीपगृहातून आणल्यावर अँड्र्यू पलंगावर बसून जे सांगतो ते ट्विस्टच्या गदारोळात कुणी नीट ऐकत नाही. तिनं पहिल्यांदा जीव द्यायचा प्रयत्न केला, त्यानंतर तिनं त्याला सांगितलं होतं की माझ्या मेंदूत एक किडा राहतो, तो कवटीवरून टकटक चालतो, मजा म्हणून तारा ओढतो. तिनं सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही. तिनं शहरातल्या घराला स्वतः आग लावली, तेव्हा त्यानं बिऱ्हाड तळ्याकाठी हलवलं. लोक सांगत होते, तो कामावर राहिला आणि पीत राहिला. मुलांना मी मारलं, असं तो म्हणतो, कारण मी तिला मदत मिळवून दिली नाही.

हे या सिनेमाचं खरं उत्तर आहे आणि ते अक्षरांच्या कोड्यात दडलेलं नाही. हा माणूस पोलीस आहे. नाहीशा झालेल्या बाईचा माग काढणं, भिंतीमागचं ओळखणं, चिठ्ठ्यांचे अर्थ लावणं हे त्याचं काम. आणि त्याच्या घरात एक बाई होती, जी नाहीशी होत चालली होती. तिनं चिठ्ठी ठेवली नाही, सरळ तोंडावर सांगितलं. आयुष्यात एकच सुगावा वाचायचा होता, तो वाचला नाही, म्हणून मग हा माणूस बेटभर सुगावे शोधत फिरतो. आग लावणारा लेडिस नावाचा कुणी राक्षस त्यानं रचला, कारण आग लावणाऱ्या बायकोकडे त्यानं बघितलं नव्हतं.

याहून क्रूर गोष्ट म्हणजे त्यानं मेलेल्या डोलोरेसला दिलेलं काम. त्याच्या भासांमध्ये ती येते आणि सांगते, दीपगृहाकडे जाऊ नकोस, तिथं तुझा अंत आहे. जिवंत असताना जी 'माझ्याकडे बघ' म्हणत होती, तिच्याच तोंडी त्यानं 'बघू नकोस' घातलं. तिला आपल्या खोटेपणाची राखणदार करून टाकलं.

आणि आपण प्रेक्षक? आपणही तेच करतो. पेला होता की नव्हता, बंदूक खेळण्यातली होती की खरी, गुहेतली बाई खरी की भास, यावर रात्र काढतो. त्याच वर्षी, २०१०च्या जुलैमध्ये, डिकॅप्रिओचा 'इन्सेप्शन' आला. तिथंही मेलेली बायको, तिथंही नवऱ्याचा अपराध, तिथंही दुरावलेली मुलं. आणि तिथंही सगळं जग एका भोवऱ्यावर भांडलं: पडला की फिरत राहिला? ज्या बायकोच्या डोक्यात नवऱ्यानं एक विचार पेरला आणि जिनं त्यापायी जीव दिला, तिच्यावर एवढं भांडण झाल्याचं मला आठवत नाही. आपल्याकडे पुण्यात घडणाऱ्या 'अंधाधुन'नंतर (२०१८) 'डोळे काढले की नाही' यावर असाच धुरळा उडाला होता. कोडं सोडवण्यात मजा आहे, मी ती मजा घेते. पण कोडं आपल्याला व्यग्र ठेवतं हेही खरं. 'शटर आयलंड' व्यग्र राहण्याच्या याच सवयीबद्दलचा सिनेमा आहे, म्हणून इथं ती जास्त टोचते.

राक्षस आणि भला माणूस

मग सिनेमा डोलोरेसला न्याय देतो का? अर्धाच. तो अँड्र्यूला कबूल करायला लावतो, पण तिला स्वतःचं असं एकही दृश्य देत नाही. ती येते ती त्याच्या स्वप्नात, भासात, आठवणीत. तिची सकाळ, तिची भीती, मुलांबरोबरचा तिचा एखादा बरा दिवस, काही नाही. आपण तिला पहिल्यांदा 'खरी' बघतो तेव्हा ती खून करून ओली बसलेली असते. मनोविकार असलेली माणसं पडद्यावर बहुतेक वेळा अशीच भेटतात, एकदम शेवटच्या पानावर.

आणि मग ते शेवटचं वाक्य. लेहेनच्या कादंबरीत ते नाही. तिथं माणूस पुन्हा भ्रमात जातो आणि गोष्ट संपते. पटकथाकार लीटा कालोग्रिडिसच्या सिनेमात ते आलं आणि वादाची दिशाच बदलली. सिनेमाचे मानसोपचार सल्लागार जेम्स गिलिगन यांनी त्याचा अर्थ उघड सांगितला होता: अँड्र्यू शुद्धीवर आहे, अपराधाचं ओझं घेऊन जगणं त्याला नको, म्हणून तो स्वतःला त्या शस्त्रक्रियेच्या हवाली करतो. मलाही हाच अर्थ बरोबर वाटतो. पण बहुतेक लोक हे सांगताना आवाज थोडा खाली आणतात, जणू एखाद्या हुतात्म्याबद्दल बोलतायत. तिथं माझं बिनसतं.

कारण १९५४ हे साल उगाच निवडलेलं नाही. डोळ्याच्या खोबणीतून हत्यार घालून मेंदूचे धागे तोडणाऱ्या शस्त्रक्रियेचा वॉल्टर फ्रीमननं तेव्हा अमेरिकेत धडाका लावला होता. मेंदूच्या याच प्रकारच्या शस्त्रक्रियेसाठी पोर्तुगालच्या एगाश मोनिजला १९४९मध्ये नोबेल मिळालं होतं. दुसरीकडे थोराझिन हे मनोविकारावरचं नवं औषध याच १९५४मध्ये अमेरिकेच्या बाजारात आलं. कॉलींना दोन्ही टोकं नको आहेत. रुग्णाशी माणसासारखं बोलावं, ऐकावं, असा त्यांचा आग्रह आहे. हे युद्ध आहे आणि आता सगळं तुझ्यावर येऊन ठेपलंय, असं ते अँड्र्यूला सांगतात. तो बरा झाला तर ऐकून घेण्याची पद्धत जिंकते. नाही झाला तर हत्यारवाले जिंकतात.

म्हणजे त्या पायऱ्यांवर अँड्र्यू एकट्याचा निर्णय घेत नाही. तो त्या इस्पितळातल्या बाकीच्या सहासष्ट जणांचाही घेतो. त्यांच्यात कुणी डोलोरेससारखी असेल, डोक्यात किडा चालतो म्हणून सांगणारी. तिचं कुणीतरी बसून ऐकावं यासाठी दोन डॉक्टरांनी आपलं नाव पणाला लावलं होतं. अँड्र्यूला कळलंय, आठवलंय, आणि तरी तो खोटं बोलतो. आपण बरे झालो हे डॉक्टरांना कळू देत नाही. भला माणूस म्हणून मरण्यासाठी तो पुन्हा एकदा घरातल्या माणसांकडे पाठ फिरवतो. आठवण ठेवणारा एकटा तोच उरला होता. तो गेला की सायमन, हेन्री आणि रेचल ही त्याची तीन मुलं कुणाला आठवणार?

मी त्याला दोष देत नाही. तेवढं ओझं घेऊन एक सकाळही काढणं मला जमलं असतं का, सांगता येत नाही. आज आपल्याकडे २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो की मेंदूवर अशी शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती हवी आणि वर मंडळाची परवानगीही. अँड्र्यूनं संमती दिली ती कोड्यात, ज्यांनी ऐकायला हवी त्यांना कळणार नाही अशा भाषेत. शीहनना ती क्षणभर उशिरा कळते. डिकॅप्रिओ चालत जातो तेव्हा त्याच्या पाठीत ताठपणा आहे, शांतपणाही आहे. सिनेमाला तो थोर वाटतो. मला तो दमलेला वाटतो, आणि मला वाटतं दमलेलाच जास्त खरा आहे.

तेव्हा ट्विस्ट जमला का, या प्रश्नाला माझं उत्तर असं: दीपगृहातला ठीकठाक आहे, पायऱ्यांवरचा सुंदर आणि थोडा अप्रामाणिक आहे, आणि खरा धक्का या दोन्हींच्या मध्ये, तळ्याकाठी आहे. पुन्हा बघाल तेव्हा तिथं थांबा. अँड्र्यू कामावरून घरी येतो. प्यायला ओततो, हाका मारतो, मागच्या अंगणात जातो. डोलोरेस बसलेली असते, केसांतून पाणी निथळत असतं. तो तिच्याजवळ जातो आणि अगदी प्रेमानं विचारतो, तू अशी भिजलेली का?

संपूर्ण सिनेमात या माणसानं शेकडो प्रश्न विचारलेत, पहारेकऱ्यांना, नर्सना, डॉक्टरांना, रुग्णांना. आपल्या बायकोला तिच्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. तोवर तळ्यात तीन मुलं तरंगत असतात.